कार्यक्रमाआधीचा तो 'टूंऽऽ' कशासाठी?

दुपारचे चार वाजलेत. संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या मांडणं चाललंय, बॅनरची दोरी एका बाजूने अजून लोंबतेय आणि स्पीकरमधून एकच एक आवाज येतोय, टूंऽऽऽ. ना गाणं, ना भाषण. असाच मी मिक्सरवर वाकलेलो असताना सावलीला बसलेले एक आजोबा उठून जवळ आले.

"काय ओ, मशीन बिघडलं की काय?"

"नाही ओ आजोबा, बिघडलंय का तेच बघतोय."

"मग हॅलो हॅलो म्हणून बघा की. हे काय, कानात सुई घातल्यासारखं!"

आजोबांचं अगदीच चूक नव्हतं. माईकवर बोटाने टकटक करून 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणणं ही आपल्याकडची सर्वमान्य चाचणी आहे. पण तिच्यात एक खोट आहे. 'हॅलो' दहा वेळा म्हणाल तर दहाही वेळा वेगळं म्हणाल. कधी माईक जवळ, कधी लांब, कधी घशात चहा. पलीकडे आवाज कमी आला तर दोष घशाचा की तारेचा, हे कळायला मार्ग नाही. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला शेजारच्या भिंतीशी ताडत बसत नाही, ओळंबा सोडतो. ओळंबा सरळच असतो, त्यामुळे जो तिरकेपणा दिसेल तो भिंतीचा. टेस्ट टोन, म्हणजे हा 'टूंऽऽ', साउंडवाल्याचा ओळंबा. आत काय टाकलंय ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून बाहेर जे बदलून येतं ते वाटेत बदललं, हे नक्की.

आजकालच्या बहुतेक डिजिटल मिक्सरमध्ये हा टोन तयार करणारी सोय आतच असते, तिला ऑसिलेटर म्हणतात. तिथे सहसा तीन गोष्टी निवडता येतात: साधा सूर म्हणजे साइन, पिंक नॉइज आणि व्हाइट नॉइज. साध्या सुरासाठी नेहमीची निवड १,००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला हजार कंपनं. ज्यांनी जुन्या दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू होण्याआधीचे रंगीत पट्टे पाहिलेत, त्यांच्या कानात हा सूर अजून असेल. हजारच का, तर हा सूर आपल्या ऐकण्याच्या पट्ट्यात मधोमध बसतो, लहानमोठा कुठलाही स्पीकर तो नीट वाजवतो आणि यंत्रांच्या माहितीपत्रकातली बरीचशी मापं याच सुरावर घेतलेली असतात. डिजिटल यंत्रं तपासणारे काटेकोर लोक मात्र १,००० ऐवजी ९९७ वापरतात. कारण गमतीचं आहे. डिजिटल यंत्र सहसा सेकंदाला ४८,००० वेळा आवाजाचं माप घेतं. त्याला हजाराने भागलं की बरोबर ४८ येतात, म्हणजे यंत्र तीच ती ४८ मापं पुन्हा पुन्हा घेत बसतं आणि बाकीचे आकडे तपासलेच जात नाहीत. ९९७ ने भाग पूर्ण जात नाही, त्यामुळे सगळ्या कानाकोपऱ्यांतून फेरी होते.

शून्य म्हणजे विहिरीचा काठ

टोन सोडला की पहिला प्रश्न, किती सोडायचा? इथे नवशिका माणूस हमखास गोंधळतो, कारण डिजिटल मिक्सरच्या मीटरवर सगळे आकडे शून्याच्या खाली असतात. उणे १८, उणे ३०, उणे ६०. सोलापूरकराला उन्हाळ्यात चाळीसच्या वरचे आकडे बघायची सवय, उणे म्हणजे काय ते कळत नाही!

विहीर डोळ्यांसमोर आणा. पाणी किती आहे हे आपण तळापासून सांगत नाही, काठापासून किती हात खाली आहे ते सांगतो. डिजिटल मीटरचा शून्य म्हणजे तो काठ. उणे १८ म्हणजे पाणी काठापासून अठरा डेसिबल खाली, डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप. काठाच्या वर पाणी जाऊच शकत नाही. जे वर जायला बघतं ते कापलं जातं आणि आवाज फाटतो, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. मधली मोकळी जागा हवीच, कारण वक्ता कधी आवेशात येईल आणि ढोलावर टिपरू कधी जोरात पडेल ते सांगून होत नाही. किती जागा ठेवायची याबद्दल जगात दोन प्रमुख पद्धती आहेत. युरोपातले प्रसारक टोन उणे १८ वर ठेवतात, अमेरिकेतले उणे २० वर. दोन्ही बरोबर आहेत. पण मिक्सर एका पद्धतीवर आणि रेकॉर्डिंगवाल्याचं यंत्र दुसऱ्या पद्धतीवर असेल तर नंतर 'आवाज बारीक आलाय' म्हणून फोन येतो. म्हणून व्हिडिओवाल्याला आधीच विचारावं, "टोन किती धरलाय तुम्ही?" त्याने भुवया उंचावल्या, तर आपण टोन सोडायचा आणि त्याच्या मीटरवर स्वतः जाऊन बघायचं.

तारेतून जाणाऱ्या विजेचं मापही याच टोनने कळतं. व्यावसायिक यंत्रांचा नेहमीचा दाब अधिक ४ डीबीयू (डीबीयू हे त्या दाबाचं माप), म्हणजे सव्वा व्होल्टच्या किंचित खाली, १.२२८ व्होल्ट. घरगुती यंत्रांचा नेहमीचा दाब पाव व्होल्टपेक्षा थोडा जास्त, ०.३१६ व्होल्ट. फरक जवळजवळ चौपट. त्यामुळे घरचं यंत्र मिक्सरला लावल्यावर बारीक वाजलं तर ते बिचारं बिघडलेलं नसतं, त्याची कुवतच तेवढी असते.

मग टोन घेऊन वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाला थांबायचं. मिक्सरमधून निघताना किती, प्रोसेसरमध्ये शिरताना किती, निघताना किती, अँपला म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या अँप्लिफायरला पोचताना किती. हे सगळं अँपचे नॉब पूर्ण खाली ठेवून करायचं. कुठल्या एका मुक्कामी आकडा अचानक पडला तर दोष त्याच्या अलीकडच्या तुकड्यात. तार दहा ठिकाणी हलवून बघण्यापेक्षा वाट मधोमध तोडून बघितली की दोष कुठल्या निम्म्यात आहे ते कळतं, मग त्या निम्म्याचं निम्मं. अख्खी सिस्टीम चार-पाच फेऱ्यांत तपासून होते.

जाता जाता एक गंमत. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. पण रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये काढलेल्या कंपनीचं पहिलं काम टेपवरची खरखर कमी करण्याचं होतं! त्या पद्धतीने केलेल्या टेपच्या सुरुवातीला एक खास टोन भरलेला असे, दर पाऊण सेकंदाला किंचित लचका घेणारा, म्हणजे ऐकणाऱ्याला ओळख पटावी आणि यंत्राची पातळी जुळवता यावी. खरखर घालवणाऱ्याचं नाव आपण खिडक्या हादरवणाऱ्याला दिलं.

तशीच एक ओळखीची खूण डाव्या-उजव्यासाठी आहे. दोन्हीकडे एकच सूर सोडला तर तारा उलट्या लागल्यात की सुलट ते समजत नाही. म्हणून युरोपीय प्रसारकांच्या प्रथेत डाव्या बाजूचा सूर दर तीन सेकंदांनी पाव सेकंद तुटतो. जिकडे तुटतो ती डावी बाजू.

धबधबा का सोडतात

एक सावधगिरी. साधा सूर मोठ्याने आणि बराच वेळ स्पीकरमध्ये सोडू नये, त्यातही उंच सूर. गाण्यात आवाज चढतो उतरतो, स्पीकरच्या तारेला श्वास घ्यायला फुरसत मिळते. टोनमध्ये ती नाही. टॉपमधल्या, म्हणजे बेसच्या वरच्या खोक्यातल्या, उंच सूर वाजवणाऱ्या ट्वीटरची वायंडिंग केसासारखी बारीक असते, ती तापून जळते, आणि जळताना ओरडतही नाही. म्हणून सुराने मीटर जुळवायचे आणि स्पीकर तपासायला पिंक नॉइज घ्यायचा.

पिंक नॉइज म्हणजे पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधब्यापाशी उभं राहिल्यावर जसं ऐकू येतं, साधारण तसं. भरदार, सगळे सूर एकदम. व्हाइट नॉइज म्हणजे अँटेना निघालेल्या जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांची तीक्ष्ण खरखर. फरक काय, ते गाणं शिकलेल्याला पटकन कळेल. वरच्या सप्तकातला सा खालच्या सा-च्या दुप्पट कंपनांचा असतो. माणसाच्या कानाला २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, म्हणजे अशी जेमतेम दहा सप्तकं. पिंक नॉइजमध्ये दहाही सप्तकांना सारखी शक्ती वाटलेली असते. व्हाइट नॉइजमध्ये वाटणी प्रत्येक हर्ट्झला सारखी, त्यामुळे १०,००० ते २०,००० या एकट्या शेवटच्या सप्तकाच्या पदरात जवळजवळ निम्मी शक्ती जाते. आपला कान सप्तकाच्या हिशेबाने ऐकतो, म्हणून मंडपात पिंक.

तो सोडायचा, आवाज बेताचा ठेवायचा आणि मंडपात फिरायचं. एका बाजूला धबधबा पातळ वाटला तर तिथला एखादा टॉप बंद असेल. बेस आणि टॉप एकत्र लावल्यावर मधला भरीवपणा वाढायच्या ऐवजी घटला, तर कुठेतरी अधिक-उणे उलटं लागलंय. एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघं एकमेकांचं काम खातात. बेसचे चार खोके वाढवून जे साधत नाही ते अशा वेळी एक पिन फिरवून साधतं. पण खोके वाढवणं गिऱ्हाइकाला दिसतं, पिन फिरवलेली दिसत नाही, हा धंद्याचा भाग झाला.

मोठ्या मैदानावर आणखी एक हिशेब लागतो. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, जानेवारीत, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो तेव्हा 'दिड्डम दिड्डम' म्हणत अक्षता पडतात. एवढ्या गर्दीतला आवाज लांबून ऐकला तर एका ठोक्यात येत नाही, ताणला जातो. लोक मागेपुढे म्हणतात हे आहेच, पण ध्वनी चालतोच सावकाश. २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. तारेतली वीज मात्र क्षणात पोचते. त्यामुळे स्टेजपासून ३४ मीटरवर दुसरा स्पीकर लावला तर तो आधी बोलतो आणि स्टेजचा आवाज जवळजवळ दशांश सेकंदाने मागून येतो. मागच्या लोकांना शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून मागच्या स्पीकरला मुद्दाम तेवढा उशीर द्यायचा. तो मोजायला टकटक असा तुटक टोन बरा.

यात सोलापूरचं ऊन आडवं येतं. हवा तापली की ध्वनी वेगाने पळतो, दर अंशाला सेकंदामागे सुमारे ०.६ मीटर. ४० अंशांना वेग ३५५ वर जातो. तेच ३४ मीटर जानेवारीतल्या १५ अंशांच्या रात्री कापायला १०० मिलिसेकंद लागतात आणि मे महिन्यातल्या दुपारी ९६. एवढ्याशा फरकाने भाषण बिघडत नाही, पण दुपारी जुळवलेलं रात्री का वेगळं वाटतं याचं उत्तर काही वेळा हेच असतं.

पेठ, घर नंबर आणि वेस

पूर्वी स्टेजपासून मिक्सरपर्यंत मनगटाएवढी जाड मल्टिकोअर केबल ओढायला दोन माणसं लागायची. आता त्याऐवजी एक बारीक लॅन केबल जाते. खांदे सुटले, डोक्याला ताप लागला. कारण केबल एकसारखी दिसत असली तरी तिच्यातून काय चाललंय ते तीन प्रकारचं असू शकतं.

एक, नुसता ताबा. टॅबलेटवरून मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या, हलवता येतात ते यातून. आवाज यातून जात नाही, फक्त 'हा वर कर, तो बंद कर' एवढे निरोप जातात. म्हणून हे काम वाय-फायवर चालतं. दोन, एईएस ५० सारखी जोडणी, मिक्सर आणि स्टेज बॉक्स (स्टेजवरचे माईक जोडायची पेटी) यांच्यातली थेट तार. भोक अगदी लॅनसारखं, प्लग तोच, पण ही तार राउटर किंवा स्विचमध्ये (अनेक लॅन केबल एकत्र जोडायच्या डब्यात) घालून चालत नाही. नवी पोरं हमखास घालतात आणि मग दिवे का लागत नाहीत म्हणून राउटर बदलत बसतात. तीन, खरंखुरं नेटवर्कवरचं ऑडिओ. त्यात सगळ्यात जास्त दिसतं ते ऑस्ट्रेलियातल्या ऑडिनेट कंपनीचं डांटे. हे साध्या स्विचमधून जातं, पण तार हवीच. वाय-फायवर त्याच्या नादी लागू नये.

पत्त्यांचं प्रकरण सोलापूरकराला समजवायला सोपं आहे. १९२.१६८.१.२० हा आकडा म्हणजे शुक्रवार पेठ, घर नंबर २०. पहिले तीन आकडे पेठेचे, शेवटचा घराचा. पेठ कुठे संपते आणि घर नंबर कुठे सुरू होतो हे सांगणारा आकडा म्हणजे सबनेट मास्क. तो २५५.२५५.२५५.० असेल तर एका पेठेत २५४ घरं मावतात. मिक्सर शुक्रवार पेठेत आणि टॅबलेट १९२.१६८.०.३० म्हणजे मंगळवार पेठेत असेल, तर शेजारी शेजारी ठेवूनही दोघांची गाठ पडत नाही. शून्य आणि एक, एवढ्याच फरकाने. दुसऱ्या पेठेत जायचं तर वेशीतून जावं लागतं. बाळीवेस, विजापूर वेस, तुळजापूर वेस आपल्याला माहीत आहेत. नेटवर्कमधल्या त्या वेशीला गेटवे म्हणतात. सगळं एकाच पेठेत ठेवलं तर मंडपातल्या कामाला वेशीची गरजच पडत नाही, तो रकाना रिकामा राहिला तरी चालतं.

पत्ते वाटणारा कारकून सहसा राउटरमध्ये बसलेला असतो, डीएचसीपी त्याचं नाव. नवं कोणी आलं की तो मोकळा नंबर देतो. कारकूनच नसेल तर यंत्रं आपापसात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतात. डांटेची यंत्रं अशीही गुण्यागोविंदाने नांदतात. पण अर्धी यंत्रं १६९.२५४ वर आणि अर्धी १९२.१६८ वर दिसली तर समजावं, कोणाला तरी कारकून भेटलेला नाही. बहुतेक वेळा एक केबल सैल असते.

या कारकुनाने एकदा माझी चांगली जिरवली. एका स्नेहसंमेलनात मिक्सरला मी हाताने २० नंबर देऊन ठेवला होता, पण राउटरला ते सांगितलंच नव्हतं. दुपारी जनरेटरचं डिझेल वाचवायला मिक्सर बंद केला. तेवढ्यात फोटो पाठवायचेत म्हणून एकाने वाय-फायचा पासवर्ड मागितला. त्यात इंटरनेट नाही हेही मी सांगितलं नाही, देऊन टाकला. कारकुनाने बघितलं, २० मोकळा आहे, आणि तो त्या फोनला दिला. संध्याकाळी मिक्सर चालू झाला तेव्हा एका घर नंबरावर दोन बिऱ्हाडं. टॅबलेटचे निरोप कधी मिक्सरला, कधी त्या फोनला. मुलींचा लेझीमचा कार्यक्रम चालू आणि माझा टॅबलेट दर दोन मिनिटांनी 'जोडणी तुटली' म्हणतोय. शेवटी मिक्सरपाशी पळत जाऊन हाताने फेडर धरले. तेव्हापासून राउटरला बजावून ठेवलंय, तू १०० ते १५० एवढेच नंबर वाट, ५० च्या आतले माझे. आणि पासवर्ड कोणालाही नाही, अध्यक्षांनाही नाही.

लेझीमवरून आठवलं. लेझीमच्या पथकाला हलगीवाला एकच लागतो. दोन हलग्या आपापल्या लयीत वाजल्या तर पथकाचे पाय अडखळतात. डिजिटल यंत्रांचंही तसंच. सगळ्यांनी सेकंदाला ४८,००० मापं एकाच ठोक्यावर घ्यायची तर ठोका देणारं यंत्र एकच हवं. डांटेमध्ये ही निवड यंत्रं स्वतः करतात, आपण फक्त कोण निवडून आलंय ते बघायचं. एक यंत्र ४८,००० वर आणि दुसरं ४४,१०० वर ठेवलं तर मात्र त्यांचं जमत नाही.

आता स्विचबद्दल. एका चॅनलचा आवाज म्हणजे ४८,००० गुणिले २४, सेकंदाला साडेअकरा लाख बिट. ६४ चॅनल धरले तर सात कोटींच्या वर, शिवाय वेष्टनाचा भार वेगळा. म्हणून गिगाबिट स्विच घ्यावा. पण वेगापेक्षाही काही स्विचमधली वीज वाचवण्याची सोय जास्त नडते. गर्दी नसली की हा स्विच जरा डुलकी काढतो. घरच्या वापरात कळतही नाही. इथे मात्र डांटेला पोचायला एखाद्याच मिलिसेकंदाची मुदत दिलेली असते, तेवढ्यात हवेतला आवाज जेमतेम ३४ सेंटीमीटर जातो. डुलकी लागली की मुदत हुकते. ती सोय बंद करता येते, आणि येत नसेल तर तो स्विच घरी न्यावा. त्याच दोन स्विचमध्ये चुकून दोन तारा लावून वर्तुळ केलं तरी साधा स्विच गरगरतो, निरोप फिरत राहतात आणि सगळंच ठप्प होतं.

हे सगळं नीट आहे का हे कळायचं कसं? हिरव्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका, ते फक्त तार लागलीय एवढंच सांगतात. नेटवर्कचा स्वतःचा एक टोन आहे, पिंग. १९८३ मध्ये माइक मूस यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्राम पाणबुडीच्या सोनारसारखा एक हाक मारतो आणि ओ यायला किती मिलिसेकंद लागले ते सांगतो. लॅपटॉपवरून मिक्सरला पिंग करायचं. ओ आली नाही तर आवाजाकडे वळायचंच नाही, आधी पत्ता आणि तार बघायची.

ओ आली की मग आपला जुना 'टूंऽऽ' पुन्हा कामाला येतो, आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो तो इथेच. स्टेज बॉक्सच्या एका चॅनलवर टोन सोडायचा, मिक्सरवर फक्त हेडफोनमध्ये घ्यायचा आणि दहा मिनिटं ऐकत राहायचं. गाण्यात नेटवर्कची हजारांश सेकंदाची चूक तबल्याच्या थापेखाली लपते. एकसुरी आवाजात लपायला जागाच नसते. इस्त्री केलेल्या धोतरावरचा डाग जसा लांबून दिसतो, तशी इथे एवढीशी 'टक्' कानाला टोचते. टक् ठरावीक अंतराने आली तर बहुधा हलगी दोन आहेत. मधूनच कधीही आली तर स्विचच्या डुलक्या किंवा दाबलेला प्लग. दहा मिनिटांत एकही नाही आली तर चहा घ्यायला हरकत नाही.

चहाआधी ऑसिलेटर बंद करायचा. नुसता फेडर खाली ओढून नाही, ऑसिलेटरच. आणि पत्ते एका कागदावर लिहून मिक्सरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायचे: मिक्सर २०, स्टेज बॉक्स २१, टॅबलेट ३०. माझ्या झाकणावरचा कागद आता इतका मळलाय की आकडे बोटाने चाचपून वाचावे लागतात, पण पुढचा कार्यक्रम रविवारी आहे, त्याच्या आत नवा लिहितो.